पाणी मुरवणाऱ्या फरसबंदीची देखभाल : खमरिया (जबलपूर) परिसरातील रहिवाशांसाठी माहिती

पावसाचे पाणी पृष्ठभागावरून वाहून न जाता ब्लॉकमधील फटींतून किंवा काँक्रीटमधील छिद्रांतून खाली उतरावे, खडीच्या थरात काही काळ साठावे आणि तेथून हळूहळू जमिनीत मुरावे किंवा नळीवाटे गटारात जावे, अशा रीतीने बांधलेल्या गल्लीला, पदपथाला किंवा अंगणाला पाणी मुरवणारी फरसबंदी म्हणतात. अरुंद गल्ल्या, वाहनतळ, उद्यानातील वाटा, शाळा व अंगणवाडीचे आवार अशा ठिकाणी ती योग्य ठरते. जड वाहनांच्या मुख्य रस्त्यासाठी ती नाही.

ही फरसबंदी घालून झाली की काम संपले, असे मात्र नसते. धूळ, माती आणि पालापाचोळा फटींत बसत जातो. साफसफाई न झाल्यास काही वर्षांत ती साध्या काँक्रीटसारखीच होते. धोका इतक्यावर थांबत नाही. पाणी खाली मुरणार असे गृहीत धरून अशा गल्लीत बाजूची गटारे अनेकदा लहान ठेवतात. फटी बुजल्या की पाण्याला जाण्यासाठी उरते ती फक्त घरांच्या उंबरठ्याकडची वाट. ज्यांचे जोते रस्त्याच्या पातळीला किंवा त्याहून खाली आहे, त्यांच्या घरातील धान्य, अंथरूण आणि कागदपत्रे पहिल्या मोठ्या सरीत भिजतात. म्हणून देखभालीची माहिती लाभार्थी कुटुंबांनाही असणे गरजेचे आहे.

खमरियाचा पाऊस आणि माती

खमरिया जबलपूरच्या ईशान्य भागात, रांझीच्या पुढे येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे आयुध निर्माणी सुरू झाली आणि तिच्याभोवती वसाहत वाढली. १ ऑक्टोबर २०२१ पासून ही निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. याच कंपनीत खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा आणि चांदा येथील निर्माण्याही आहेत. वरणगाव किंवा भंडाऱ्याकडून आलेल्या कुटुंबांना येथील काळी माती नवी नाही.

जबलपूरला वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सर्वाधिक. वार्षिक आकड्यापेक्षा एका तासात किती पडतो हे फरसबंदीसाठी महत्त्वाचे. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, एवढा हिशेब लक्षात ठेवला की पुढचे सगळे समजते.

शहराच्या बऱ्याच भागात काळी चिकण माती आहे, तर मदनमहालच्या बाजूला ग्रॅनाइटचे खडक वर आले आहेत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भिजली की फुगून घट्ट होते. भिजल्यानंतर तिच्यातून पाणी तासाला जेमतेम काही मिलिमीटर उतरते. म्हणजे येथे फरसबंदीतून आलेले सगळे पाणी जमिनीतच मुरेल अशी अपेक्षा धरू नये. खडीच्या थरात तळाशी भोके पाडलेली नळी बसवून जास्तीचे पाणी गटाराकडे काढावे लागते. रेताड जमिनीसाठी काढलेला नकाशा जसाच्या तसा येथे वापरला असेल तर ते काम पहिल्याच पावसाळ्यात उघडे पडते.

पूर्वी हे काम तलाव करीत. गोंड राजवटीपासूनचे राणीताल, चेरीताल, अधारताल हे शब्द आज अनेकांना फक्त मोहल्ल्यांची नावे म्हणून माहीत आहेत. त्यांतील काही तलाव आटले, काही बुजवून त्यांवर वस्ती झाली. साठण्याची जागा गेली आणि सगळा भार ओमती नाला, मोती नाला यांसारख्या नाल्यांवर आला. मराठी वाचकांना जवळचे उदाहरण नागपूरचे आहे. तेथे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. सिमेंटचे रस्ते घरांच्या जोत्यापेक्षा उंच झाल्याच्या तक्रारी त्या शहरात त्याआधीपासूनच होत्या. पाणी मुरवणारी फरसबंदी असा महापूर अडवू शकत नाही. ती रोजच्या पावसाचे आणि मोठ्या सरीच्या पहिल्या तासाचे पाणी सांभाळते.

आपल्या दारातले ब्लॉक पाणी मुरवणारे आहेत का?

हा प्रश्न आधी सोडवावा, कारण गल्लीत पेव्हर ब्लॉक दिसले म्हणजे पाणी मुरते असा समज सर्वत्र आहे. आपल्याकडे घातलेले बहुतेक ब्लॉक साधे असतात. त्यांच्या फटी २ ते ४ मिलिमीटरच्या असतात, त्यांत बारीक रेती भरलेली असते आणि खाली रेती किंवा दगडाची भुकटी, काही ठिकाणी तर सरळ काँक्रीट असते. अशा ब्लॉकमधून फारच थोडे पाणी जाते. ते वाईट काम आहे असे नाही, पण ते पाणी मुरवण्यासाठी केलेले नाही. त्याला बाजूचे गटार पूर्ण मापाचे लागते.

पाणी मुरवणाऱ्या ब्लॉकच्या फटी साधारण ६ ते १२ मिलिमीटरच्या असतात, किंवा ब्लॉकच्या कोपऱ्यांना खाचा असतात. फटींत रेती नसून स्वच्छ बारीक चुरी दिसते. ब्लॉकखाली साधारण ४० ते ५० मिलिमीटर चुरीचा थर, त्याखाली सुमारे १०० मिलिमीटर २० मिलिमीटरची गिट्टी, आणि सर्वांत खाली १५० ते ३०० मिलिमीटर मोठी गिट्टी असते. कोणत्याही थरात रेती, मुरूम किंवा भुकटी नसते. दगडांमधील ३० ते ४० टक्के पोकळी हीच पाण्याची टाकी.

दुसरा प्रकार जाळीदार काँक्रीटचा. त्यात बारीक रेती घालत नाहीत, त्यामुळे १५ ते २५ टक्के पोकळी राहते आणि पृष्ठभाग चिक्कीसारखा खडबडीत दिसतो. तिसरा प्रकार गवताच्या जाळीचा, ज्यात काँक्रीटच्या चौकटींत माती भरून गवत लावतात. वाहनतळांवर हा दिसतो.

एक बादली आणि घड्याळ : घरच्या घरी चाचणी

अभियंते ज्या चाचणीने पाणी मुरण्याचा वेग मोजतात, तिचेच हे सोपे रूप आहे. बचत गटाला किंवा मोहल्ला समितीला ती अर्ध्या तासात करता येते.

सुमारे ३० सेंटिमीटर तोंडाची जुनी प्लास्टिकची बादली घ्यावी आणि तिचा तळ कापून काढावा. ती तोंडाच्या बाजूने ब्लॉकवर उपडी ठेवावी. कडेने चिकण मातीची जाड वळी दाबून बसवावी, म्हणजे पाणी बाजूने निसटणार नाही. जेथे फट बादलीच्या काठाखालून जाते तेथे फटीतही माती दाबावी. आधी ३.६ लिटर पाणी ओतून जागा भिजवून घ्यावी. ते उतरले की लगेच पुन्हा ३.६ लिटर पाणी ओतावे. ओतताना आतल्या पाण्याची उंची बोटाच्या पेरापेक्षा वाढू देऊ नये. पहिला थेंब पडल्यापासून पृष्ठभागावरचे पाणी दिसेनासे होईपर्यंतचा वेळ मोजावा. बादलीचे तोंड २५ सेंटिमीटर असेल तर ३.६ ऐवजी २.५ लिटर पाणी घ्यावे. वेळ तशीच वाचता येते.

पाणी ३० सेकंदांत गेले तर वेग तासाला ६,००० मिलिमीटरहून जास्त आहे, म्हणजे फरसबंदी नव्यासारखी आहे. ३ मिनिटे लागली तर सुमारे १,००० मिलिमीटर, काळजीचे कारण नाही. १२ मिनिटे लागली तर वेग २५० मिलिमीटरवर आला, आता साफसफाई पुढे ढकलू नये. तासभर लागला तर ती जागा बुजली आहे असे धरावे.

कोणी विचारेल की तासाला २५० मिलिमीटर पाऊस येथे पडतोच कुठे, मग एवढा वेग कशाला हवा? याचे उत्तर असे की गल्लीवर फक्त गल्लीचाच पाऊस येत नाही. शेजारचे रस्ते, ओटे आणि छपरे यांचे पाणीही तेथेच उतरते, आणि फटी सगळीकडे सारख्या बुजत नाहीत. म्हणून चाचणी किमान तीन ठिकाणी करावी: गल्लीच्या तोंडाशी, मध्ये आणि सर्वांत खोलगट भागात. तोंडाशी मोठ्या रस्त्याची माती चाकांबरोबर येते, त्यामुळे पहिले दोन-तीन मीटर बहुधा सर्वांत आधी बुजतात. तारीख, जागा आणि वेळ वहीत लिहून ठेवावी. पुढे तक्रार करताना ही वही फार उपयोगी पडते.

छपराचे पाणी गल्लीत सोडावे का?

हिशेब करून पाहू. ६० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद गल्ली म्हणजे १८० चौरस मीटर. खाली ३०० मिलिमीटर गिट्टी आणि तिच्यात ३५ टक्के पोकळी धरली तर १८,९०० लिटर पाणी मावते. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर गल्लीवर ९,००० लिटर पडेल. ते सहज मावते.

आता दोन्ही बाजूंना मिळून २० घरे धरा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (शहरी) मूळ नियमांत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी ३० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राचे घर होते. तेवढेच छप्पर धरले तरी २० घरांचे ६०० चौरस मीटर होतात आणि त्यांवर त्याच सरीत ३०,००० लिटर पाणी पडते. सर्वांनी पन्हाळीची नळी गल्लीत सोडली तर एकूण ३९,००० लिटर झाले, म्हणजे साठ्याच्या दुप्पट. गल्लीला उतार असेल तर वरच्या टोकाचा थर रिकामाच राहतो आणि प्रत्यक्ष साठा आणखी कमी होतो.

त्यामुळे छपराचे पाणी शक्यतो टाकीत किंवा वेगळ्या पुनर्भरण खड्ड्यात घ्यावे. ते शक्य नसेल तर गटारात सोडावे. नकाशात छपराचे पाणी धरले आहे असे अभियंत्याने दाखवले तरच ते फरसबंदीवर सोडावे.

फटी कशाने बुजतात

उन्हाळ्यातली धूळ आणि फेब्रुवारीपासूनची पानझड ही नैसर्गिक कारणे. बाकीची बहुतेक कारणे माणसांची असतात. घरबांधणीसाठी गल्लीत टाकलेला रेतीचा ढीग हे सर्वांत मोठे कारण. रेती उचलली तरी तिचा खालचा भाग फटींत बसून राहतो. ब्लॉकवरच सिमेंटचा माल कालवला तर तेवढा तुकडा कायमचा निकामी होतो, तो धुऊनही निघत नाही. आवास योजनेच्या हप्त्यातून घर बांधणाऱ्या कुटुंबांनी ताडपत्री अंथरून त्यावर रेती टाकावी आणि माल लोखंडी पत्र्यावर कालवावा. दोन-तीनशे रुपयांच्या ताडपत्रीने बरेच काही वाचते.

शेणसडा घालण्याची सवय असेल तर तो ओट्यावर किंवा मातीच्या तुकड्यावर घालावा. शेणातले तंतू चुरीत अडकतात आणि वाळले की फट लिंपल्यासारखी होते. जनावर बांधण्याची जागाही फरसबंदीपासून दूर असावी. रांगोळीने विशेष बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी कोरड्या झाडूने उचलून घ्यावी.

पीएम स्वनिधी योजनेतून कर्ज घेतलेले अनेक फेरीवाले अशाच फरसबंदीवर उभे राहतात. तळणाचे तेल, भांड्यांचे खरकटे पाणी आणि कोळशाची राख फटींत जाऊ देऊ नये. तेल चुरीला चिकटते आणि त्यावर धूळ थापली जाते. हातगाडीखाली जाड रबरी चटई किंवा पत्रा ठेवावा.

लग्नाचा मंडप, गणपती आणि दुर्गापूजेचे पंडाल यांसाठी ब्लॉक उखडून बांबू रोवतात आणि नंतर खड्डा मातीने बुजवतात. मंडपवाल्याला आधीच सांगावे की बांबू रेतीने भरलेल्या डब्यांत उभे करायचे. होळी ब्लॉकवर पेटवू नये. उष्णतेने काँक्रीटचे पापुद्रे सुटतात आणि राख फटींत जाते.

साफसफाई : कोणती, केव्हा, कशी

आठवड्यातून एकदा कोरड्या खराट्याने झाडावे आणि कचरा सुपलीने घमेल्यात भरावा. तो गटारात लोटू नये. पाण्याने धुऊन काढण्याचा मोह टाळावा, कारण साध्या पाण्याने धूळ निघत नाही, ती फटीत खोल जाते.

वर्षातून दोनदा खोल साफसफाई लागते. पहिली मेच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पाऊस यायच्या आधी आणि सगळे कोरडे असताना. दुसरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदाच शक्य असेल तर पहिली करावी. यासाठी हवा खेचणारे यंत्र सर्वांत चांगले. फक्त गोल ब्रश फिरवणारी रस्तेझाडणी गाडी मात्र येथे उपयोगाची नाही. ती माती वरून हलवते आणि फटीत दाबते. यंत्र मागताना ते खेचणारे आहे का, हे विचारून घ्यावे.

यंत्र मिळत नसेल तर हाताने करता येते, वेळ लागतो इतकेच. माती बहुतेक वरच्या २० ते २५ मिलिमीटरमध्येच अडकते, त्यामुळे सगळी फट रिकामी करण्याची गरज नसते. लोखंडी पट्टीचे टोक वाकवून तिने वरची चुरी उकरावी, चाळणीने चाळावी, धुऊन वाळवावी आणि पुन्हा भरावी. कमी पडेल तेवढी ३ ते ६ मिलिमीटरची धुतलेली चुरी आणावी. वरच्या उदाहरणातील १८० चौरस मीटर गल्लीत फटींनी १० टक्के जागा व्यापली असे धरल्यास वरच्या २५ मिलिमीटरसाठी सुमारे १६ घनफूट चुरी लागते. जुनी चाळून वापरली तर त्याहून बरीच कमी. चुरी ब्लॉकच्या माथ्यापेक्षा ५ मिलिमीटर खाली राहू द्यावी. नंतर तीच बादलीची चाचणी पुन्हा करावी.

एक चूक वारंवार होते. साध्या ब्लॉकचे काम करणारा ठेकेदार किंवा मजूर सवयीने फटींत बारीक रेती झाडून भरतो. काम नीटनेटके दिसते आणि फरसबंदी त्याच दिवशी बंद पडते. काम चालू असताना गल्लीतील एकाने तरी तेथे उभे राहावे आणि रेतीची गोणी उघडली जात असेल तर थांबवावे.

जाळीदार काँक्रीट उकरू नये. ते खेचणाऱ्या यंत्राने साफ करावे आणि गरज पडल्यास पाण्याचा जोरदार फवारा तिरपा धरून धुवावे. सरळ खाली धरलेला फवारा माती आणखी आत ढकलतो. वरचे खडे सुटू लागले तर कार्यालयाला कळवावे. त्यावर सिमेंटचा घोळ फिरवणे हा इलाज नाही, तो शेवट आहे.

फटींत उगवलेले गवत लहान असताना हाताने उपटावे. तणनाशक किंवा मीठ टाकू नये, ते पाण्याबरोबर जमिनीत उतरते. एखादा ब्लॉक खचला तर तो उचलून खाली चुरी भरावी, मुरूम नव्हे. मग धुम्मसाने ठोकून बसवावा.

खालची नळी आणि तपासणीचा पाइप

काळ्या मातीत नळी हा या कामाचा प्राण आहे, आणि दिसत नसल्याने तीच विसरली जाते. नळीचे तोंड गटारात किंवा चेंबरमध्ये कोठे उघडते ते काम चालू असतानाच पाहून ठेवावे. पावसाळ्यापूर्वी तोंडावरची जाळी साफ करावी. मोठ्या पावसानंतर तेथून स्वच्छ पाणी हळूहळू येत राहणे हे चांगले लक्षण. गढूळ पाणी सतत येत असेल तर खालची माती वाहून येत आहे. गल्ली खचण्याआधी कळवावे.

चांगल्या कामात टोपण असलेला एक उभा पाइप ठेवलेला असतो. पाऊस थांबल्यावर ४८ ते ७२ तासांनी त्यात कोरडी काठी घालून पाहावी. काठी ओली निघाली तर थर रिकामा होत नाही, म्हणजे नळी तुंबली आहे. टोपण नेहमी घट्ट असावे. आठवडाभर साचलेले उघडे पाणी डेंग्यूच्या डासांना पुरते.

चेंबर किंवा गटारात कोणीही उतरू नये, कोणालाही उतरवू नये. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा मलनाली व सेप्टिक टँकमध्ये अशा रीतीने माणूस उतरवण्यास मनाई करतो. पावसाच्या गटारातही अनेक ठिकाणी सांडपाणी मिसळलेले असते आणि विषारी वायू तेथेही साचतो. नळी धुण्याचे काम जमिनीवरून, दाबाच्या पाण्याने करायचे असते.

नळजोडणीसाठी गल्ली खोदली जाते तेव्हा

अमृत २.० किंवा इतर पाणीपुरवठा कामात घरोघरी नळ देण्यासाठी गल्ल्या खोदाव्या लागतात. नळ हवाच असतो, त्यामुळे खोदकामाला कोणी हरकत घेत नाही, आणि चर कसा बुजवला याकडेही कोणी बघत नाही. मूळ चरातून निघालेली काळी माती आणि गिट्टी एकत्र करून पुन्हा ढकलली की तो पट्टा बंद होतो. शिवाय तो खालच्या थरात बांधासारखा आडवा उभा राहतो आणि वरच्या बाजूचे पाणी अडवतो. नळी तुटली तर तीही कोणाला कळत नाही.

खोदताना ब्लॉक, चुरी, लहान गिट्टी, मोठी गिट्टी आणि माती यांचे ढीग वेगळे ठेवायला सांगावे. बुजवताना ते उलट्या क्रमाने भरावेत. माती मिसळलेली गिट्टी परत वापरू नये. खोदण्यापूर्वी, उघड्या चराचा आणि बुजवल्यानंतरचा असे तीन फोटो मोबाइलवर काढून ठेवावेत. नंतरच्या वादात तोंडी सांगण्यापेक्षा हे फोटो जास्त चालतात.

कोठे ही फरसबंदी मागू नये

विहीर किंवा हातपंपाच्या ३० मीटरच्या आत, शोषखड्ड्याला लागून, आणि काळ्या मातीत घराच्या पायापासून ३ मीटरच्या आत ती पाणी अडवणाऱ्या अस्तराशिवाय घालू नये. भिजलेली काळी माती फुगते आणि भिंतींना तडे जातात. वाहनदुरुस्ती, पेट्रोल, रंग किंवा रसायने हाताळली जातात अशा जागी पाणी जमिनीत मुरवणेच चुकीचे आहे. तेथे पक्की फरशी आणि वेगळे गटार हवे. तीव्र उतारावरही तिचा उपयोग कमी. तीन मीटरच्या गल्लीत पायापासून अंतर सुटत नाही. म्हणून तेथे कडेला अस्तर लावले आहे का, हे काम सुरू होण्याआधी विचारावे.

देखभाल कोणाची, पैसा कोठून

या कामासाठी लाभार्थ्याच्या बँक खात्यात रक्कम येत नाही. कोणी असे सांगून आधार किंवा खाते क्रमांक मागत असेल तर देऊ नये. सार्वजनिक गल्लीची देखभाल ही त्या जागेच्या संस्थेची जबाबदारी आहे.

खमरियात ही संस्था ओळखणे हेच पहिले काम. निर्माणीच्या वसाहतीतील रस्ते व गटारे निर्माणी प्रशासनाकडे आहेत. नगरनिगमाच्या वॉर्डात घर असेल तर जबलपूर नगरनिगमाचे झोन कार्यालय, छावणी हद्दीत छावणी परिषद, आणि शहराबाहेर ग्रामपंचायत. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून रांझीकडे घर बांधलेली कुटुंबे सवयीने जुन्याच कार्यालयात अर्ज देतात आणि अर्ज फिरत राहतो.

२०१५ च्या मूळ अमृत योजनेत पावसाच्या पाण्याची गटारे हा स्वतंत्र घटक होता. १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या अमृत २.० मध्ये भर पाणीपुरवठा, मलनिस्सारण, जलाशयांचे पुनरुज्जीवन आणि उद्याने यांवर आहे. जबलपूर जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत निवडले गेले होते. त्या मोहिमेची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. बांधकामाला योजनेचा पैसा मिळतो, झाडूला आणि चुरीला तो क्वचितच मिळतो. देखभाल स्थानिक संस्थेच्या अंदाजपत्रकातून होते, म्हणून नवे काम मंजूर होतानाच देखभालीची तरतूद विचारावी.

महिला बचत गटांसाठी एक वाट आहे. अमृत २.० मधील ‘अमृत मित्र’ उपक्रमात पाणी आणि उद्यान देखभालीसारखी कामे गटांना दिली जातात. उद्यानातील वाटांची चुरी बदलणे आणि बादलीची चाचणी ही कामे गटाला सहज जमणारी आहेत. त्यासाठी नगरनिगमातील शहरी उपजीविका शाखेत विचारावे. काम लेखी आदेशाशिवाय सुरू करू नये. फुकट श्रमदान आणि मोबदल्याचे काम यांची सरमिसळ झाली की नुकसान गटाचेच होते.

तक्रार आणि माहितीचा अधिकार

मध्य प्रदेशात सीएम हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे. तक्रार नोंदवल्यावर क्रमांक लिहून घ्यावा. काम न होता तक्रार बंद करण्यासाठी फोन आला तर ‘समाधान झालेले नाही’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे ती वरच्या स्तरावर जाते. लेखी अर्ज हिंदीत देणे सोयीचे. पाणी तुंबण्याला तेथे ‘जलभराव’ आणि गटाराला ‘नाली’ म्हणतात, हे शब्द वापरले की अर्ज योग्य टेबलावर जातो. अर्जात गल्लीचे नाव, वॉर्ड, कोणत्या तारखेला किती वेळ पाणी साचले, बादलीच्या चाचणीच्या वेळा आणि फोटो द्यावेत. पोच घ्यावी.

काम नवे असेल तर ठेकेदारावर ठराविक मुदतीपर्यंत दुरुस्तीचे बंधन असते. ही मुदत, मंजूर नकाशातील थरांची जाडी आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना दाखला जोडल्यास ते माफ आहे, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. ‘३०० मिलिमीटर गिट्टी’ असे पुस्तिकेत लिहिले असेल आणि पुढच्या नळजोडणीच्या चरात ती वीतभरही दिसली नाही, तर उघड्या चराचा तो फोटो अर्जाला जोडावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आजीची काठी फटीत अडकते. दारापुढच्या फटी सिमेंटने भरू का?* स्वतः भरू नये. फटीत चुरी कमी झाली की काठी अडकते, त्यामुळे आधी चुरी भरावी. तरीही त्रास असेल, किंवा घरात व्हीलचेअर असेल, तर दारापासून एक पट्टा सपाट ब्लॉकचा करून देण्याचा अर्ज करावा. कार्यालयाने तसे केल्यास त्या पट्ट्याचा ढाळ गल्लीकडे असावा, घराकडे नको.

*यामुळे आमच्या हातपंपाला पाणी वाढेल का?* काळ्या मातीत तशी आशा धरू नये. येथे मुख्य लाभ पाणी तुंबू न देण्याचा आहे.

*गल्लीत चारचाकी उभी केली तर चालते का?* ८० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक असतील तर चालते. फक्त पायवाटेसाठी घातलेले ६० मिलिमीटरचे ब्लॉक चारचाकीने खचतात. इंजिनातून तेल गळत असेल तर गाडीखाली पत्रा ठेवावा. गिट्टीचा ट्रक कोणत्याही ब्लॉकवर आत आणू नये, तो गल्लीच्या तोंडाशी रिकामा करावा.

*पावसाळा सुरू झाला आहे आणि फटी बुजल्या आहेत. आता काय करता येईल?* सर्वांत खोलगट भागातल्या दोन-तीन चौरस मीटरच्या फटी उघाड मिळताच उकराव्यात आणि नवी चुरी भरावी. पाणी तेथेच जमते, त्यामुळे एवढ्यानेही लवकर फरक पडतो. नळीचे तोंड त्याच दिवशी साफ करावे. बाकीचे काम ऑक्टोबरमध्ये.